वहिनीच्या डोहाळजेवणाला बाळासाठी काय भेट द्यावी?

फ्रॉक-बूट नकोत, दोन महिन्यांत तोकडे होतात. बाळंतविडाच द्या: जुन्या मऊ सुती साडीची पाच-सहा दुपटी, पुढून बंदांची झबली आणि लंगोट मात्र दोन डझन. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-आठ लंगोट सहज ओले करतं, आणि पावसाळ्यात दोरीवर काही वाळत नाही. (आम्ही इस्त्री फिरवून वाळवायचो.) मोहरीची उशी टाळा, बाळाला सपाट, टणक गादीवर उशीशिवाय उताणं झोपवायचं असतं. गुटीचा संचही नको, पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. काही घरांत जन्माआधी बाळाचे कपडे आणत नाहीत, तेव्हा तुमच्या आईला आधी विचारा. नको म्हणाली तर वहिनीलाच पुढून उघडणारे दोन सुती गाऊन द्या.