दिराची मुलगी दत्तक घेऊन अमेरिकेला न्यायची आहे, दिवाळीत दत्तकविधान करू का?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही अमेरिकन सिटिझन. माझे दीर दोन वर्षांपूर्वी गेले. जाऊबाई कराडजवळ गावात दोन मुलींना घेऊन राहतात, शिवणकाम करतात, तब्येत बरी नसते. धाकटी चौदा पूर्ण आहे, तिला आम्ही दत्तक घ्यावं असं घरात सगळ्यांचं ठरलंय. सासूबाई म्हणतात दिवाळीत या, चार माणसं बोलावून दत्तकविधान करू, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवू आणि व्हिसा काढून घेऊन जा. तिकडचे वकीलही म्हणतात एका दिवसाचं काम आहे. मी दर रविवारी जाऊबाईंशी फोनवर बोलते आणि दर महिन्याला त्यांना पैसे पाठवते, ते चालतं का? काय करू?

उत्तर : दिवाळीला जरूर जा, पण विधी करू नका आणि दत्तकपत्रावर सही तर अजिबात करू नका. हे आधी सांगते कारण बाकीचं सगळं नंतर दुरुस्त होतं, ही एक चूक फार महागात पडते.

सासूबाई चुकीचं सांगत नाहीयेत. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने पंधराच्या आतलं मूल असं घरातल्या घरात दत्तक घेता येतं, दत्तहोमाची पण सक्ती नाही. (तुम्हाला स्वतःची मुलगी असेल तर मात्र त्या कायद्याने दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, हे वकिलांनी विचारलं का तुम्हाला?) पण तो कायदा मुलगी भारतात तुमची करतो, तिला विमानात बसवत नाही. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक न्यायचे नियम हेग दत्तक करार ठरवतो; त्यात भारत २००३ला आला आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २००८पासून लागू झाला, त्यामुळे तुमच्यासारख्या अमेरिकेत राहणाऱ्या सिटिझनना भारतातलं मूल त्याच रस्त्याने न्यावं लागतं, सख्ख्या काकाला पण सूट नाही. आणि त्या रस्त्याचा नियम असा की अमेरिकेची तात्पुरती मंजुरी आधी, दत्तक नंतर. आधीच दत्तक घेतलं असेल तर ते रद्द करून पुन्हा घ्या म्हणतात, आणि आपल्या १९५६च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की कायदेशीर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. आता बोला! तिकडे म्हणतात मोडून या, इकडे म्हणतात मोडत नाही. वाट निघतच नाही असं नाही, पण त्यात वर्षं जातात आणि तुमच्याकडे वर्षं नाहीयेत, कारण आय-८०० हा अमेरिकन इमिग्रेशनचा अर्ज मुलगी सोळाची व्हायच्या आत गेला पाहिजे.

मग करायचं काय, तर सुरुवात न्यू जर्सीतून. हेग मान्यता असलेली आणि दिल्लीच्या 'कारा'ने, म्हणजे केंद्रीय दत्तक संस्थेने, मान्य केलेली एजन्सी गाठा. ती तुमच्या घरी येऊन होम स्टडी करेल, म्हणजे उत्पन्न, तब्येत, पोलीस रेकॉर्ड, घर, सगळं. त्यावर आय-८००ए भरायचा, हा तुम्हा दोघांबद्दलचा अर्ज. काराच्या पोर्टलवर नातेवाइकाचं मूल म्हणून तुमची नोंद होते, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं जाऊबाईंकडे जाऊन चौकशी करून रिपोर्ट देतात. तो आला की आय-८००, हा मुलीबद्दलचा. तात्पुरती मंजुरी मिळाली, दूतावासाचं पत्र आलं, की मग इथे दत्तकाचा आदेश. तो पूर्वी कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२पासून जिल्हाधिकारी देतात. मग काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेगच्या नियमांप्रमाणे झालं असा दाखला), नवा पासपोर्ट, आणि आयएच-३, म्हणजे हेगच्या रस्त्याने दत्तक घेतलेल्या मुलाचा व्हिसा. या व्हिसावर ती अठराच्या आत तिकडे उतरली आणि तुमच्याकडे राहायला लागली की अमेरिकन सिटिझनच, वेगळा अर्ज करावा लागत नाही.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी चांगल्या आहेत. एक म्हणजे भारताच्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात दत्तकापुरतं 'नातेवाईक' म्हणजे फक्त काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि तुमचे यजमान सख्खे काका आहेत. चुलत दीर असते तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. दुसरं, वडील हयात नाहीत, त्यामुळे आईची लेखी आणि कायमची संमती पुरते. दोघं आईवडील हयात असतील तर दोघंही नीट सांभाळायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं आणि तिथेच बऱ्याच केस पडतात.

तुम्ही दर रविवारी जाऊबाईंशी बोलता ते चालतं का असंही तुम्ही पत्रात विचारलंय. चालतं. परक्या जोडप्याला मुलाच्या आईशी आधी संपर्क करायला बंदी असते, जवळच्या नात्याला नाही. मात्र तुम्ही महिन्याला पैसे पाठवता ते बँकेतूनच पाठवा आणि जसे आधीपासून पाठवता तसेच पाठवा, संमतीच्या सुमारास रक्कम वाढली तर ती मुलीची किंमत दिल्यासारखी दिसते.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. 'घरात सगळ्यांचं ठरलंय' असं लिहिलंत, त्या सगळ्यांत ती मुलगी आहे का? पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची संमती कायद्यानेही लागते, पण मी सहीबद्दल बोलत नाहीये. चौदा वर्षांची पोर, वडील गेलेले, आई आजारी, मोठी बहीण मागे राहणार, तिला कोणी एकटीला बसवून विचारलंय का की तुला जायचंय का? सासूबाईंच्या समोर ती हो म्हणेल, नाही कशी म्हणणार. तिला मामीकडे किंवा आवडत्या बाईंकडे मोकळेपणी बोलू द्या आणि नाही म्हणाली तर ऐका.

आणि जाऊबाईंना एक गोष्ट मराठीत, सावकाश, दोनदा सांगा. दत्तक झाल्यावर कायद्याने त्या तिच्या आई राहत नाहीत. मुलगी एकवीसची झाल्यावर आईला ग्रीन कार्ड करेल असं गावात कोणीतरी त्यांना नक्की सांगितलं असेल, ते होत नाही, जन्मदात्या आईला त्या नात्याने काहीच मिळत नाही, मोठ्या बहिणीलाही नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना हे सगळं झाल्यावर कळलं, त्या खुर्चीत बसून नुसत्या 'मग मी कोण' एवढंच म्हणत होत्या. जाऊबाईंच्या तब्येतीला आणि मुलींच्या शिक्षणाला मदत हवी असेल तर ती दत्तक न घेताही करता येते, हेही त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे त्यांची हो खरी हो असेल.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये ग्रीन कार्डवर आहे, मूलबाळ नाही. नाशिकची बहीण तिचा सहा वर्षांचा धाकटा द्यायला तयार आहे, भाऊजींची नोकरी चांगली आहे. आणता येईल?

उत्तर : आत्ता नाही. वरचा हेगचा रस्ता सिटिझनसाठी आहे, जोडप्यात एक तरी सिटिझन लागतो. ग्रीन कार्डवाल्याला आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला आणायचा अर्ज, आहे, पण त्यात मुलाचा कायदेशीर ताबा दोन वर्षं आणि प्रत्यक्ष एकत्र राहणं दोन वर्षं दाखवावं लागतं, म्हणजे तुम्हीच भारतात येऊन राहायचं, आणि तेवढ्यात ग्रीन कार्ड धोक्यात. सिटिझन झालात तरी आईवडील दोघं धडधाकट आणि कमावते असताना 'सांभाळायला असमर्थ' हे कुठून आणणार? खोटं लिहून देऊ नका, बहिणीलाही देऊ देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर आणून तिथे दत्तक घेऊ असं कोणी सुचवेल, तेही नको.

तुम्हाला मूल हवंय ही इच्छा मला कळते आणि त्यात काही चुकीचं नाही. पण या मुलाला आईवडील आहेत. सिटिझन झाल्यावर याच काराकडे, ज्याला कोणीच नाही अशा मुलासाठी नोंद करा, तेव्हा मला पुन्हा लिहा.

कराडच्या पत्रासाठी राहिलेलं : दिवाळीत गेलात की मुलीचा जन्मदाखला, दिरांचा मृत्यूदाखला, जाऊबाईंचं आधार आणि लग्नाचा दाखला एकत्र टेबलावर मांडून नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे लग्नानंतरचं नाव, वडिलांचं मधलं नाव, एका कागदावर 'राव' आणि दुसऱ्यावर नाही, असं सर्रास असतं. जन्मदाखल्यातली दुरुस्ती जिथे जन्माची नोंद झाली त्याच कार्यालयात होते, तिचा अर्ज त्याच आठवड्यात टाकून या.