मायक्रोवेव्ह आणि मेंदू: थिसिसचा विषय घेण्याआधी

अगं, तुझा मेल वाचला. कमी पॉवरच्या मायक्रोवेव्ह लहरींचा (मोबाईलचे सिग्नलही त्यातलेच) वर्षानुवर्षं मेंदूवर काय परिणाम होतो हा विषय थिसिसला घेऊ का, असं विचारलंयस. घे, बिनधास्त घे. डोकं शांत ठेवून काम करणारी माणसं या विषयात हवीच आहेत. फक्त परिणाम दिसणं वेगळं आणि अपाय होणं वेगळं हे आधी मनात पक्कं कर, कारण सगळी भांडणं या दोघांची गल्लत केल्यामुळेच होतात.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक नोरा व्होल्को यांच्या टीमने ४७ जणांच्या कानाला मोबाईल लावला, म्यूट करून ५० मिनिटं कॉल चालू ठेवला आणि मेंदूचा स्कॅन काढला तर अँटेनाच्या जवळच्या भागात ग्लुकोजचा वापर साधारण ७ टक्के वाढलेला दिसला. झोपेच्या ईईजीतही, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीतही, काही प्रयोगांत छोटे फरक सापडलेत. म्हणजे मेंदूला काहीच कळत नाही असं म्हणणारा चुकतोय, आणि यावरून मेंदूला इजा झाली असं म्हणणाराही चुकतोय.

जुनं प्रकरण वाचायचं तर मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासाचं वाच. १९५३ पासून सत्तरच्या दशकापर्यंत त्या इमारतीवर मायक्रोवेव्ह सोडली जात होती, पॉवर मायक्रोवॅटमध्ये मोजावी इतकी कमी. गंमत बघ, त्या काळी अमेरिकेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट आणि सोव्हिएत मर्यादा १० मायक्रोवॅट, म्हणजे हजारपट फरक! अमेरिकन बाजू म्हणायची ऊतक तापत नाही तोवर धोका नाही, सोव्हिएत बाजू थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं यांनाही लक्षणं मानायची. पुढे साथरोगतज्ज्ञ लिलियनफेल्ड यांच्या टीमने मॉस्कोतल्या कर्मचाऱ्यांची पूर्व युरोपातल्या इतर दूतावासांतल्या लोकांशी तुलना केली, १९७८ चा रिपोर्ट, आणि त्यांना अपायाचा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही. पण कोणाला नेमका किती डोस मिळाला हे प्रत्येकाच्या बाबतीत नीट माहीतच नव्हतं, आणि या विषयाचं खरं दुखणं तेच आहे गं.

मोबाईल आणि ट्यूमरवरचा अनेक देशांत झालेला इंटरफोन अभ्यास घे. त्यात ट्यूमर झालेल्या माणसाला विचारायचे की बाबा तू वर्षांपूर्वी फोनवर किती बोलायचास, कुठल्या कानाला लावायचास. आता आजारी माणूस कारण शोधतच असतो, त्याच्या आठवणीवर किती भरवसा ठेवणार? कॉसमॉस नावाच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात म्हणून आधी अडीच लाखांहून जास्त लोक घेतले, फोन वापराच्या माहितीला ऑपरेटरच्या रेकॉर्डचा आधार घेतला आणि मग वर्षानुवर्षं पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला की जास्त बोलणाऱ्यांत मेंदूचे ट्यूमर जास्त दिसले नाहीत. माझा कल याच बाजूला आहे, लपवत नाही. पण ट्यूमर म्हणजे सगळा मेंदू नव्हे. झोप, लक्ष, स्मरणशक्ती, वाढत्या वयातली मुलं, इथे चांगला अभ्यास अजून हवाय आणि तुझी जागा तिथेच आहे.

लॅबमध्ये काम करणार असशील तर तापमानावर डोळा ठेव. उंदीर एवढासा, जास्त पॉवर दिली की तो तापतो आणि मग तू किरणांचा नाही, उष्णतेचा परिणाम मोजतेस. नळीत कोंडलेला प्राणी घाबरलेला असतो, त्याचाही परिणाम मेंदूवर होतो, म्हणून अँटेना बंद ठेवून बाकी सगळं अगदी तसंच केलेला एक शॅम, म्हणजे तुलनेसाठीचा खोटा-प्रयोग, गट हवाच. मेंदूच्या स्लाइड बघणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे कळता कामा नये. २००३ मध्ये साल्फोर्ड यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत न्यूरॉन खराब झालेले दाखवले, मोठी खळबळ माजली, पण नंतर दुसऱ्या लॅबनी करून पाहिलं तर ते तसं मिळालं नाही.

आणि फोन किंवा टॉवरमुळे त्रास होतो म्हणणारी माणसं तुला भेटतील. डबल ब्लाइंड चाचण्यांत, म्हणजे त्यांनाही आणि चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसताना, सिग्नल चालू आहे की बंद हे त्यांना ओळखता येत नाही, हे खरं. पण त्यांची डोकेदुखी खरी असते, त्यांची रात्र जागूनच जाते. त्यांना हसू नकोस, नीट ऐकून घे, आणि दुसऱ्या कारणांसाठी तपासणी राहिली असेल तर डॉक्टरकडे जायला सांग.

प्रपोजल लिहिशील तेव्हा फ्रिक्वेन्सी, एसएआर (शरीराच्या दर किलोमागे शोषली जाणारी पॉवर), रोजचा वेळ, पल्स आहे की सलग लहर, हे सगळं पहिल्याच पानावर लिही. एसएआर कोण मोजून देणार तेही ठरव, अंदाजाने टाकलेला आकडा मला चालणार नाही. झालं की पाठव, मी पेन घेऊन बसते.