झोंबणे म्हणजे गुण येणे नव्हे

प्रश्न : मी निपाणीजवळच्या एका गावात शिक्षिका असून माझे वय 29 आहे. लहानपणापासून माझी त्वचा नाजूक आहे. नवा साबण लावला तरी गाल लाल होतात आणि दिवाळीनंतर कोरडे वारे सुटले की चेहरा ताणल्यासारखा वाटतो. गेल्या महिन्यात बेळगावच्या खडेबाजारातून ओलावा देणारा कापडी फेस मास्क आणला. दहा मिनिटांत चेहरा झोंबू लागला. परंतु ‘झोंबते म्हणजे गुण येतो’ असे विकणाऱ्या बाईंनी सांगितले असल्यामुळे मी तो अर्धा तास तसाच ठेवला. त्यानंतर दोन दिवस गाल लाल राहिले. पुढच्या महिन्यात धाकट्या नणंदेचे लग्न आहे. त्याआधी दुसरा मास्क लावून पाहावा, की सासूबाई म्हणतात तसे बेसन, हळद आणि लिंबू लावावे?

उत्तर : ताई, तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा होता, हे मी आधी स्पष्टपणे सांगते. ओलावा देणारा मास्क झोंबता कामा नये. लावल्या क्षणी किंचित चुणचुण होऊन ती मिनिटभरात थांबली तर समजू शकते. पण ती वाढत गेली, तर घड्याळाकडे न पाहता मास्क काढून साध्या कोमट पाण्याने चेहरा धुवावा.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर चिऱ्यांच्या भिंतीसारखा असतो. पेशी हे चिरे आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ, म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले, हा त्यांना धरून ठेवणारा चुना. नाजूक त्वचेत हा चुना ठिकठिकाणी विरळ झालेला असतो, त्यामुळे आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात. कापडी मास्क चेहऱ्यावरचे पाणी उडू देत नाही, हा त्याचा गुण आहे. परंतु त्याच झाकणाखाली ग्लिसरीन जसे मुरते तसाच सुगंधही मुरतो. म्हणून एरवी क्रीममधून सोसणारा सुगंधही मास्कखाली आग करू शकतो. शिवाय कापड सुकेपर्यंत चेहऱ्यावर ठेवल्यास त्याचा लाभ उरत नाही. वेष्टनावर पंधरा मिनिटे लिहिली असतील, तर नाजूक त्वचेने दहा मिनिटांवर थांबावे, असे माझे मत आहे.

दुसरा मास्क पाहायचा असेल, तर कापडी न घेता ट्यूबमधला घ्यावा. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. नाजूक त्वचेला कोणतीही नवी वस्तू आधी हातावर सात ते दहा दिवस लावून पाहावी लागते आणि एकदाच वापरायचे पाकीट फोडून इतके दिवस ठेवता येत नाही. कोपराच्या आतल्या लवणीत रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ, दिवसातून दोनदा तो लावावा. एका दिवसात काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण खरी ॲलर्जी पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी उमटते. हात स्वच्छ राहिला तर कानाखाली जबड्याच्या कडेला, आणि मगच पाच मिनिटांसाठी चेहऱ्यावर. या काळात दुसरे काहीही नवे सुरू करू नये. नाहीतर दोष कोणाचा, हेच कळत नाही.

वेष्टनावरची घटकांची यादी बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते, तरीही ती वाचावी. ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, सेरामाइड, पॅन्थेनॉल, ओट ही नावे चालतील. फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम, मेंथॉल, लिंबू-संत्र्याची तेले, ग्लायकोलिक ॲसिड आणि रेटिनॉल असलेला मास्क परत ठेवावा. ‘नॅचरल’ या शब्दावर विसंबू नये, कारण वनस्पतींच्या तेलांचीही ॲलर्जी होते. मास्क काढल्यावर चेहरा ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे क्रीम लावावे, म्हणजे आत आलेले पाणी टिकते.

सासूबाईंचा सल्ला मायेचा आहे, परंतु लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फारच आम्ल असतो, बेसन तेल शोषून घेते आणि हळदीनेही काहींना ॲलर्जी होते. त्यांच्या मनाला लागू नये म्हणून हळद हळदीच्या समारंभापुरती, हातापायांना लावावी.

आणखी एक गोष्ट तपासावी. घरी बोअरचे पाणी असेल, त्यात साबणाला फेस येत नसेल आणि डाळ लवकर शिजत नसेल, तर ते पाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाचा चोथा त्वचेवर राहतो. कित्येक वेळा साबण बंद करून सौम्य फेसवॉश घेतल्यानेच निम्मा त्रास कमी होतो आणि मास्कची गरजच उरत नाही.

गाल लाल असताना मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली खाजेची ट्यूब मात्र चेहऱ्यावर लावू नये. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावे आहेत; त्यांनी चार दिवस चेहरा उजळ दिसतो, पण पुढे त्वचा पातळ होते, पुरळ उठते आणि ट्यूब सोडली की आग होते. पापण्या सुजल्या, फोड आले किंवा लस वाहू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

लग्नापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात कोणताही नवा प्रयोग नको. हातावरची परीक्षा आजच सुरू केली, तरच वेळ पुरेल.

प्रश्न : आमच्या खानापूरच्या परसात कोरफड आहे. तिचा गर थेट चेहऱ्यावर लावला तर चालेल का?

उत्तर : पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा चीक निघतो, तो त्वचेला त्रास देतो. पान काही वेळ उभे ठेवून चीक निथळू द्यावा, साल जाडसर काढावी आणि गर धुऊन घ्यावा. हातावरची परीक्षा इथेही करावीच. आणि गर वाळल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो, म्हणून तो धुऊन वर क्रीम लावावे.