काचेच्या हंडीतला ध्रुवप्रकाश

प्रश्न : ध्रुवप्रदेशांच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत ध्रुवप्रकाशाची छोटी प्रतिकृती करायला लोखंडी पोकळ गोळ्यात निओडिमियम चुंबक ठेवून, काचेच्या हंडीतली हवा रोटरी पंपाने काढून आम्ही ८०० व्होल्ट दिले. गोळ्याभोवती वलय येत नाही, सगळीकडे नुसती जांभळी धूसर चमक दिसते. हिरवा रंगही नाही. काय चुकलं?

उत्तर : पहिली चूक गोळ्याची. लोखंड चुंबकरेषा स्वतःतच जिरवून घेतं, बाहेर फारसं क्षेत्र उरत नाही. गोळा ॲल्युमिनियमचा घ्या. दाब १० ते २० पास्कलपर्यंत उतरवा. जास्त दाबात इलेक्ट्रॉन सतत रेणूंवर आदळतात आणि चुंबकरेषांभोवती फिरूच शकत नाहीत. गोळा विजेच्या ऋण टोकाला जोडलात तर विषुववृत्तावर पट्टा दिसेल. ध्रुवांजवळची वलयं हवी असतील तर गोळा धन ठेवा, ऋण टोक वेगळं, थोडं दूर.

हिरव्याचा मात्र नाद सोडा. तो ५५७.७ नॅनोमीटरचा प्रकाश सोडायला उत्तेजित ऑक्सिजन अणूला सुमारे पाऊण सेकंद लागतो. शंभर किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की त्याला तेवढी उसंत मिळते. तुमच्या हंडीत तो सेकंदाला लाखो धडका खातो आणि ऊर्जा त्यातच जाते. जांभळा रंग नायट्रोजनचा आहे, आणि तोही खऱ्या ध्रुवप्रकाशात असतोच. नॉर्वेचे शास्त्रज्ञ बिर्कलँड यांनी शतकापूर्वी असाच चुंबकी गोळा वापरला होता.

वीजपुरवठा आणि हंडी यांच्यामध्ये मालिकेत १०० किलोओहम, १० वॅटचा रोधक हवाच, नाहीतर ठिणगी उडून पुरवठा जळेल. चुंबक ८० अंशांपुढे क्षीण होतो, म्हणून दोन मिनिटं चालवून थांबा. वीज बंद केल्यावरही पुरवठ्यातल्या कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार उतरवल्याशिवाय हात लावू नका.