लढाऊ विमान विकायला निघालेल्या मुलीस पत्र

अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तू निविदा विभागात रुजू होतेयस आणि आधी काय वाचू असं विचारलंयस. विमानाच्या माहितीपुस्तिका तूर्त बाजूला ठेव. वेग, पल्ला, रडार हे तुला येतंच आणि समोरच्या चार कंपन्यांच्या माणसांनाही येतं. हवाई दल विमान मागतं तेव्हा ते पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा व्यवहार मागत असतं: सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती, शस्त्रं, वैमानिकांचं प्रशिक्षण, सॉफ्टवेअरच्या सुधारणा. देकारात, म्हणजे आपण ग्राहकाला देतो त्या प्रस्तावात, तू लिहिलेलं प्रत्येक वाक्य विसाव्या वर्षी कुणाला तरी पाळायचं आहे. हे डोक्यात ठेवून बसलीस तर अर्ध्या चुका आपोआप टळतील.

आरएफपी, म्हणजे ग्राहकाने देकार मागवताना दिलेली मागणीपत्रिका, हातात आली की आधी शेवटाकडून वाच, म्हणजे निकाल कसा लावणार ते प्रकरण. लोक तांत्रिक मागण्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच महिना घालवतात. निकालाची रीत बदलली की देकारच बदलतो. भारताच्या 126 विमानांच्या स्पर्धेत तांत्रिक कसोटीला उतरलेल्यांत सर्वांत कमी किंमतवाला पुढे, अशी रीत होती. तिथे न मागितलेली एकही जादा गोष्ट घातलीस तर तिचा गुण मिळत नाही, भुर्दंड मात्र पडतो. स्वित्झर्लंडने 2021 च्या निवडीत परिणामकारकतेला 55 टक्के, देखभालीला 25 टक्के, सहकार्याला 10 आणि ऑफसेटला (सौद्याच्या बदल्यात ग्राहक देशातल्या उद्योगांना द्यायचं काम) 10 टक्के वजन दिलं, आणि मग एकूण उपयुक्तता खर्चाशी ताडून पाहिली. फिनलंडची रीत आणखी वेगळी. पुरवठ्याची खात्री, उद्योगांचा सहभाग आणि खर्च या तिन्ही बाबतींत फक्त पास किंवा नापास. गुण फक्त लढण्याच्या क्षमतेला. खर्चाची कमाल मर्यादा 1000 कोटी युरो. आता विचार कर: मर्यादेच्या आत राहून आणखी स्वस्त होण्याला तिथे काय किंमत? काहीच नाही. म्हणून सगळ्यांनी मर्यादेपर्यंत गाठोडं भरलं. अमेरिकेच्या बोइंगने 50 सुपर हॉर्नेटबरोबर 14 ग्राउलर (शत्रूची रडारं जॅम करणारी विमानं) देऊ केली, स्वीडनच्या साबने 64 ग्रिपेनबरोबर ग्लोबलआयची दोन टेहळणी विमानं. निकाल 10 डिसेंबर 2021 ला अमेरिकेच्या एफ-35 च्या बाजूने लागला, पण रीत सगळ्यांनी बरोबर वाचली होती.

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता स्वतःचाच प्रश्न मांडण्याचा मोह मोठमोठ्यांना होतो. बेल्जियमने विमानं मागितली तेव्हा फ्रान्सने 2017 मध्ये ठरलेल्या चौकटीत उत्तर न भरता व्यापक संरक्षण-भागीदारीचा प्रस्ताव पाठवला. प्रस्ताव भारी असेल, पण तो स्पर्धेच्या बाहेरच राहिला आणि 2018 मध्ये बेल्जियमने 34 एफ-35 निवडली.

मग येतो पूर्ततेचा तक्ता. शेकडो ओळी, आणि प्रत्येकीसमोर तीनच उत्तरं: पूर्ण, अंशतः, नाही. नव्या माणसाची सगळ्यात महाग चूक इथे होते. समज, मागणी अशी आहे: लक्ष्य शोधणारा पॉड (विमानाखाली टांगायचं उपकरण) लावलेला असताना अमुक क्षेपणास्त्र डागता आलं पाहिजे. पॉड प्रमाणित आहे, क्षेपणास्त्र प्रमाणित आहे, म्हणून हात 'पूर्ण' लिहायला जातो. थांब. दोन्ही एकाच वेळी, त्याच जोडजागांवर असताना क्षेपणास्त्र सुटतं तेव्हा ते पॉडला किंवा शेजारच्या टाकीला घासत नाही, हे उड्डाणात तपासलंय का? वेग आणि उंचीच्या कुठल्या मर्यादेत? अहवालाचा क्रमांक काय? तो मिळाला नाही तर उत्तर 'अंशतः', आणि चाचणी केव्हा पूर्ण होईल ती तारीख. 'अंशतः'ने एखादा गुण जातो. खोट्या 'पूर्ण'मुळे परीक्षक बाकीच्या प्रत्येक 'पूर्ण'कडे संशयाने बघायला लागतात, आणि मग काही खरं नाही. कागदावरचं विमान आणि धावपट्टीवरचं विमान यांतला फरक ग्राहकाला बरोबर दिसतो. 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या पायेर्न तळावर चाचण्या झाल्या, तेव्हा त्या वर्षी सेवेत येण्याइतपत तयार विमानांचीच परीक्षा होणार होती. ग्रिपेन-ई तेव्हा तिथवर पोचलं नव्हतं, आणि ते स्पर्धेतून बाहेर पडलं.

आता किंमत. 'एक विमान केवढ्याला?' हा प्रश्न वर्तमानपत्रांत रोज येतो आणि त्याला एक उत्तर नसतं. फिनलंडने आपला हिशेब जाहीर केलाय, तो वहीत लिहून ठेव. 64 विमानांचे सुमारे 470 कोटी युरो. हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांचे सुमारे 75 कोटी. देखभालीची साधनं, सुटे भाग, प्रशिक्षण आणि 2030 पर्यंतची देखभाल यांचे सुमारे 292 कोटी. हे झाले 838 कोटी. शिवाय बांधकामं आणि पुढच्या बदलांसाठी राखलेले जवळपास 160 कोटी. म्हणजे हजारातले निम्म्याहून जास्त विमानाबाहेरच गेले. आणि रोजच्या वापरासाठी वर्षाला 25.4 कोटी युरोंची वेगळी मर्यादा होतीच. दोन देशांच्या सौद्यांची रक्कम भागिले विमानांची संख्या करून कुणी तुलना केली, तर त्याला विचार: यात शस्त्रं किती, सुटे भाग किती वर्षांचे, सिम्युलेटर किती, हँगर कोण बांधणार?

आयुष्यभराच्या खर्चात घोडं पेंड खातं ते उड्डाणतासांपाशी. इंधन, टायर, इंजिनांचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती), सगळं तासांवर चढतं. एफ-35 ला सिम्युलेटरमुळे सुमारे 20 टक्के कमी उड्डाण पुरेल, असं स्वित्झर्लंडच्या मूल्यमापनात धरलं गेलं होतं. गृहीतक योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. तुझ्यासाठी मुद्दा एवढाच की आकड्यांच्या खाली अशी गृहीतकं असतात, आणि ती ग्राहकाला पटवायची तर सिम्युलेटरवरचे कोणते सराव खऱ्या उड्डाणाची जागा घेतात हे एकेक करून दाखवावं लागतं. 'देखभाल स्वस्त आहे' हे वाक्य मी कुठल्याही मसुद्यातून खोडतो. त्याऐवजी लिही: तासाला किती मनुष्यतास, इंजिन किती तासांनी उतरवायचं, ओव्हरहॉलला किती दिवस, तेवढ्या दिवसांसाठी जादा इंजिनं किती लागतील.

'ठरलेली किंमत' हा शब्द तर तोलून वापर. अमेरिकेच्या एफएमएस (सरकारमार्फत शस्त्रविक्री) पद्धतीत ग्राहक सरकार कंपनीशी करार करत नाही, अमेरिकी सरकारशी करतं. त्या देकारपत्रातले आकडे अंदाजी असतात, प्रत्यक्ष खर्च येईल तसा वसूल होतो, वर प्रशासकीय आकार लागतो. स्वित्झर्लंडचं सरकार वर्षानुवर्षं सांगत होतं की आपली किंमत पक्की आहे. 2025 मध्ये अमेरिकेने जादा रक्कम मागितली आणि 'पक्की' या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगळा धरला होता हे उघड झालं. आपल्या देकारात ज्या पायावर किंमत उभी आहे तो पाया लिही: कुठल्या वर्षाच्या दरांनी, कुठल्या चलनात, मजुरी आणि धातूंच्या कुठल्या निर्देशांकाने वाढणार, देकार कुठल्या तारखेपर्यंत वैध. भारताच्या त्या 126 विमानांसाठीचे देकार एप्रिल 2008 मध्ये दिले गेले आणि सर्वांत कमी किंमतवाला जाहीर झाला 31 जानेवारी 2012 ला. एवढ्या काळात दरवाढीच्या सूत्रातली चूक नफा गिळून टाकते.

पण सगळ्यात जास्त जीव ओत तो परवानग्यांच्या कामात. कुठलंही लढाऊ विमान एका देशाचं राहिलेलं नाही. ग्रिपेन-ई स्वीडनचं, इंजिन अमेरिकी. बऱ्याच विमानांतली इजेक्शन सीट ब्रिटनची. ज्या देशाचा भाग, त्या देशाचा नकाराधिकार. दक्षिण कोरिया अर्जेंटिनाला एफए-50 ही हलकी लढाऊ विमानं विकू पाहत होता. 2020 मध्ये ब्रिटनने आपल्या भागांना परवानगी नाकारली आणि सौदा तिथेच थांबला. इजिप्तला आणखी राफेल देण्याचं बोलणं चालू असताना त्यावरच्या स्काल्प क्षेपणास्त्रातल्या एका अमेरिकी सुट्या भागावरून अडलं. क्रोएशियाची गोष्ट तर प्रत्येक नव्या माणसाने पाठ करावी. 2018 मध्ये त्यांनी इस्रायलकडची वापरलेली 12 एफ-16 निवडली. ती घेण्यासारखी होती ती इस्रायलने बसवलेल्या उपकरणांमुळे. मूळ विमान अमेरिकी, त्यामुळे तिसऱ्याला देताना अमेरिकेची संमती हवी, आणि अमेरिकेने ती उपकरणं काढून द्यायला सांगितलं. क्रोएशियाला जी दाखवली ती विमानं मिळणार नाहीत असं झालं आणि जानेवारी 2019 मध्ये सौदा मोडला. 2021 मध्ये त्यांनी 12 वापरलेली राफेल घेतली. लक्षात घे, तिथे विमानात खोट नव्हती. संमती आधी हातात नसताना देकार दिला गेला, ती खोट.

चाचण्यांबद्दल थोडक्यात. ग्राहक विमानाला अशा जागी नेतो जिथे ते सहसा जात नाही. भारताने बंगळूर, जैसलमेर आणि लेह निवडलं. लेहची धावपट्टी 3200 मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे इंजिन फिरवणाऱ्या साहाय्यक यंत्राची ताकद घटते, इंजिन हळू वेग घेतं आणि आत इंधन जळत असताना तापमान मर्यादेवर जाऊ शकतं. उतरून इंजिन बंद केलं आणि ते पुन्हा सुरूच झालं नाही, तर रडारचं कौतुक कुणी ऐकत नाही. म्हणून आधी तशाच उंचीवर सराव करा, आणि बरोबर नेमके तेच सुटे भाग न्या. फिनलंडने 2020 च्या थंडीत प्रत्येक विमानाला सात दिवस दिले. सात दिवसांत दोन दिवस सेन्सर बिघडला तर उरलेल्या पाचांत दाखवलेलं तेवढंच खरं.

ऑफसेटचा आकडा मोठा दिसतो म्हणून विक्री विभाग तो सहज कबूल करतो आणि पुढे तो निभावणारा माणूस रडतो. फिनलंडने 30 टक्के उद्योग-सहभाग मागितला, भारताने 2016 च्या 36 राफेलवर 50 टक्के ऑफसेट लावला. स्थानिक कारखान्याला काम देताना विचार: त्याचं प्रमाणपत्र कधी होईल, पहिल्या भागाची तपासणी कोण करेल, नापास भागाचा खर्च कुणाचा? 126 विमानांच्या वाटाघाटी भारतात बनणाऱ्या 108 विमानांची हमी कोण घेणार आणि मनुष्यतास किती लागणार यावर अडल्या, त्यातून त्या सुटल्याच नाहीत. उलट ब्राझीलने ग्रिपेन घेतलं त्यात त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास तंत्रज्ञांनी स्वीडनमध्ये काम करत शिकणं हा सौद्याचा कणाच होता. ते महाग आणि संथ असतं, पण ग्राहकाला नेमकं तेच हवं होतं.

राजकारण तुझ्या हातात नाही, तरी ते वाचता आलं पाहिजे. ब्राझीलच्या अध्यक्षांनी 2009 मध्ये राफेलची बाजू घेतली होती. पुढे सुपर हॉर्नेटचं पारडं जड वाटू लागलं, 2013 मध्ये अमेरिकेची हेरगिरी उघड झाली आणि डिसेंबरात ग्रिपेन निवडलं गेलं. दक्षिण कोरियात त्याच वर्षी बजेटमध्ये बसणारं एकच विमान होतं, एफ-15 एसई. सप्टेंबरात तेही नाकारलं गेलं, कारण हवाई दलाला स्टेल्थ, म्हणजे रडारवर सहज न दिसणारं विमान, हवं होतं. स्वित्झर्लंडच्या जनतेने 2014 मध्ये सार्वमतातून 22 ग्रिपेनचा खर्च फेटाळला. या तिन्ही ठिकाणी देकार चोख असता तरी हरलाच असता. त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस.

मध्यस्थांपासून मात्र दूर राहा. लॉकहीडकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात 1976 मध्ये नेदरलँड्सच्या राजपुत्राला सगळी लष्करी पदं सोडावी लागली आणि त्या लाचखोरीतूनच परदेशी अधिकाऱ्यांना लाच द्यायला बंदी करणारा 1977 चा अमेरिकी कायदा आला. कुणी 'अमक्याला भेटवतो' म्हणालं, तर त्याच दिवशी लेखी कायदा विभागाला कळव. तोंडी नको.

सही झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. इंडोनेशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये 42 राफेलचा करार केला, पण तो लागू झाला टप्प्याटप्प्याने: आधी 6, मग 18, मग 18. आगाऊ हप्ता जमा होईपर्यंत कारखान्यात धातू कापायला घ्यायचा नसतो. उत्पादनवाल्यांना हे सांगणं तुझंच काम असेल.

रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात एवढं कर. चालू देकारातलं शस्त्रं आणि इंजिनाचं प्रकरण घे. प्रत्येक भागासमोर चार रकाने आख: कुणी बनवला, कुठल्या देशाची परवानगी लागते, अर्ज कधी केला, परवान्याचा क्रमांक काय. शेवटच्या रकान्यात किती जागा रिकाम्या राहतात ते मोजून मला कळव. पुढच्या पत्रात त्यांच्याचबद्दल बोलू.