तिकिटावरची वेळ धरून स्टेशनवर जाऊ नका

तुमचा प्रश्न असा आहे की, जानेवारीत रेल्वेचं नवं वेळापत्रक लागणार म्हणतात, अमळनेरहून तिकीट आधीच काढून झालंय, तर तिकिटावर छापलेली वेळ धरून चालेल का, की गाडी त्याआधीही सुटू शकते?

सुटू शकते. माझ्या वडिलांची सुटली आहे.

ऑक्टोबर २०२२. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. नानांची बायपास झालेली, दर तीन महिन्यांनी मुंबईला दाखवायला जावं लागायचं. आम्ही चोपड्याचे. चोपड्याला रेल्वे नाही, त्यामुळे एसटीनं जळगाव आणि तिथून रात्रीची गाडी हा आमचा ठरलेला रस्ता. तिकीट जुलैतच काढलेलं, कारण तेव्हा १२० दिवस आधी आरक्षण मिळायचं. काढलं आमच्या दाजींनी, त्यांच्या ओळखीच्या एजंटाकडून. तिकिटावर जळगावची वेळ होती रात्री १०:४५.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म वेळापत्रक, लॉगशीट आणि चौकशीच्या खिडकीत गेला. त्यांचं एक वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय, "गाडी उशिरा सुटली तर प्रवासी शिव्या देतो, आधी सुटली तर प्रवासी रडतो." निवृत्तीनंतरही रेल्वेचं छापील वेळापत्रक मिळेल तिथून आणायचे आणि आपल्या कामाच्या गाड्यांखाली लाल पेनानं रेघ मारून ठेवायचे.

संध्याकाळी जळगावला ताईकडे पोचलो. ताईनं शेवभाजी केली होती. नानांनी पिशवीतून तिकिटाचा कागद काढला, चष्मा वर केला आणि कागद दिव्याजवळ धरून तळाची बारीक इंग्रजी अक्षरं वाचू लागले. ई-तिकिटाच्या खाली छापलेलं असतं की दिलेली वेळ बदलू शकते, चौकशी करा किंवा १३९ ला विचारा. कोणी वाचत नाही. नानांनी वाचलं आणि म्हणाले, "एक तारखेपासून नवीन वेळापत्रक लागलंय, एकदा विचारून घ्या."

दाजी म्हणाले, "नाना, तिकिटावर छापलंय की. रेल्वे काय खोटं छापते? बसा, निवांत जेवा."

नाना थोड्या वेळानं परत म्हणाले. दाजी परत तेच बोलले, या वेळी हसून. आमच्याकडे जावयाला कोण बोलणार? नाना गप्प बसले. मीही गप्प बसलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मोबाइल माझ्या खिशात होता. दोन मिनिटांचं काम होतं.

१०:२८ ला आम्ही प्लॅटफॉर्मवर. तिकिटाप्रमाणे हाताशी सतरा मिनिटं. आणि समोरून गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा लांब जाताना दिसला. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, एक तारखेपासून १०:२० ची झाली. दोनच मिनिटं थांबते, आज थोडी लेट होती.

नाना मला म्हणाले, "आपलीच गाडी गयी का रे?" ते घरात अहिराणी बोलत नाहीत. घाबरले की बोलतात.

दाजी म्हणाले, टॅक्सी करू, चाळीसगावला गाठू. जळगावहून चाळीसगाव गाडी साधारण तासाभरात गाठते, रस्त्यानं त्या वेळेत जमत नाही. शेवटी जनरलची तिकिटं काढली आणि मध्यरात्रीनंतरची गाडी धरली. बायपास झालेला माणूस बेसिनजवळ बॅगेवर बसून मनमाडपर्यंत आला. मनमाडला एका बाईनं पोराला मांडीवर घेतलं आणि त्यांना जागा दिली. सकाळी दवाखान्यात बीपी इतकं वाढलेलं की डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोपला नाहीत का. नाना म्हणाले, "गाडीत गर्दी होती." जावयाचं नाव काढलं नाही.

मेसेज का आला नाही? वेळ बदलली की आरक्षण करताना दिलेल्या मोबाइलवर मेसेज येतो. तिथे नंबर एजंटाचा होता. म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच की तिकीट कोणीही काढू दे, नंबर प्रवास करणाऱ्याचा किंवा घरातल्या जबाबदार माणसाचा द्या. एजंट नाही म्हणाला तर दुसरा एजंट बघा. तुमच्या तिकिटावर कोणाचा नंबर आहे ते आजच तपासा.

दुसरं, वेळ तारीख टाकून बघा. एनटीईएस म्हणून रेल्वेचं स्वतःचं ॲप आहे, त्यात गाडी नंबर आणि तुमचं स्टेशन टाकून त्या दिवसाची वेळ दिसते. नाहीतर १३९. प्रवासाच्या दोन दिवस आधी एकदा आणि निघायच्या आधी एकदा. व्हॉट्सॲपवर फिरणारे वेळापत्रकाचे फोटो बघूच नका, ते कोणत्या वर्षाचे असतात कोणाला ठाऊक.

बातमीतही फसायला होतं. मुंबईहून सुटायची वेळ तीच असली की "वेळेत बदल नाही" असं लोक आपसात सांगतात. पण गाडीचा वेग वाढतो, मधला एखादा थांबा कमी-जास्त होतो, आणि जळगाव-पाचोऱ्याची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी सरकते. फटका मधल्या स्टेशनवाल्याला बसतो. त्यात खान्देश दोन रेल्वेंत वाटलेला. अमळनेर, धरणगाव, नंदुरबार पश्चिम रेल्वेत. भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव मध्य रेल्वेत. त्यामुळे बदलांच्या याद्याही दोन निघतात. तुमची गाडी अमळनेरहून आहे, तेव्हा जळगावच्या पेपरात मध्य रेल्वेची यादी वाचून निश्चिंत होऊ नका.

तारखेचंही एक आहे. वर्षानुवर्षं नवं वेळापत्रक १ जुलैला लागायचं, म्हणून जुन्या माणसांच्या डोक्यात जुलैच बसलाय. २०२२ ला ते १ ऑक्टोबरला लागलं, २०२५ चं १ जानेवारीला. आता आरक्षण ६० दिवस आधीच मिळतं, तरी नोव्हेंबरमध्ये काढलेल्या जानेवारीच्या तिकिटावर जुनी वेळ असू शकते. मध्यरात्रीच्या आसपासची गाडी असेल तर जास्तच जपा. १२:१० ची गाडी ११:५० ला आली तर तारीखच आदल्या दिवसाची होते.

दाजी अजून म्हणतात, "वेळ रेल्वेनं बदलली, त्यात माझी काय चूक?" चूक वेळेची नव्हती, दाजी. म्हातारा माणूस दोनदा विचारा म्हणाला आणि तुम्ही दोनदा हसलात, ती चूक होती. समोर बोलायचं तेव्हा बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई वाचेल, तिला राग येईल, येऊ दे.

हेही खरं की बऱ्याच गाड्यांची वेळ बदलत नाही, आणि बदलली तरी पाच-दहा मिनिटांनीच, कधी पुढेसुद्धा जाते. तुमच्या गाडीला कदाचित काहीच होणार नाही. पण गाडी निघून गेल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. आम्हाला मिळाले नाहीत.

नाना आता पंचाहत्तरीला आलेत. परवाच्या मुंबईच्या फेरीला त्यांनी मला चोपड्याच्या स्टँडवर एकदा आणि जळगावला उतरल्यावर एकदा विचारलं, वेळ बघितली का. दोन्ही वेळा मी मोबाइल उघडून त्यांच्या हातात दिला.