‘उपकरण सांख्यिकी’ की ‘उपकरणनिहाय मोजदाद’?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ऑपरेटिंग सिस्टिमविषयीच्या एका तांत्रिक पुस्तिकेचे मराठीकरण चालू असून तिच्यातील ‘ट्रॅकिंग डिव्हाइस स्टॅटिस्टिक्स इन द कर्नल’ या प्रकरणासाठी ‘कर्नलमधील उपकरण सांख्यिकीचा मागोवा’ हे शीर्षक सुचवण्यात आले आहे. ते योग्य आहे का, आणि ‘सांख्यिकी’च्या जागी ‘आकडेवारी’ घातल्यास अर्थ बदलतो का?

माझ्या मते हे शीर्षक ‘कर्नेलमध्ये ठेवली जाणारी उपकरणनिहाय मोजदाद’ असे असावे. ‘आकडेवारी’ हा शब्द चुकीचा नाही. पण या विषयात त्याची जागा कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मध्यवर्ती भागाच्या, आत नसून बाहेर आहे, आणि हे केवळ माझ्या आवडीनिवडीवरून ठरवलेले नाही. कर्नेल प्रत्यक्षात काय करते ते पाहिले की शब्दांची वाटणी आपोआप होते.

उदाहरणासाठी फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम घेऊ. तिच्यात उपकरणांच्या कामाची नोंद ठेवणारी ‘डेव्हस्टॅट’ नावाची यंत्रणा आहे. ती केनेथ मेरी यांनी लिहिली आणि 1998 मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी 3.0 या आवृत्तीत ती प्रथम दाखल झाली. तिच्या माहितीपत्रातच तिचे धोरण स्पष्ट केलेले आहे: प्रोसेसरचा कमीत कमी वेळ घेऊन पुरेशा तपशिलाने नोंद व्हावी, म्हणून कर्नेलच्या भागात कोणतीही संख्याशास्त्रीय आकडेमोड केली जात नाही; ते काम कर्नेलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलेले असते. प्रश्नातील शब्दाचा निर्णय करायला हे एकच विधान जवळजवळ पुरेसे आहे, तरीही आत काय घडते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे.

समजा, ‘एडीए0’ या डिस्ककडून काही मजकूर वाचून आणण्याची विनंती निघाली. विनंती डिस्ककडे जाताना डेव्हस्टॅटचे ‘काम सुरू’ सांगणारे फंक्शन बोलावले जाते. त्या डिस्कच्या नावे राखलेल्या संरचनेत ‘सुरू झालेली कामे’ हा आकडा एकाने वाढतो, आणि त्याआधी डिस्क रिकामी असेल तर ती कामाला लागल्याची वेळ टिपली जाते. काम पुरे झाले की ‘काम संपले’ सांगणारे फंक्शन येते: वाचनाच्या खात्यात जितके बाइट आले तितके मिळवले जातात, वाचनांची संख्या एकाने वाढते, त्या कामाला लागलेला वेळ आधीच्या एकूण वेळेत मिळवला जातो आणि ‘संपलेली कामे’ हा आकडा एकाने पुढे सरकतो. वाचन, लेखन, जागा मोकळी करणे आणि ज्यात मजकुराची ने-आण होत नाही अशी कामे, अशी चार खाती प्रत्येक उपकरणासाठी वेगळी असतात. सगळे काम एवढेच आहे. यात भागाकार नाही, सरासरी नाही, टक्केवारी नाही; आहे ती फक्त बेरीज, आणि तीही यंत्र चालू असेपर्यंत न थांबणारी.

घरच्या विजेच्या मीटरवरचा आकडा असाच चढत जातो. त्या एका आकड्यावरून या महिन्यात किती वीज जळली ते कळत नाही. त्यासाठी मागच्या नोंदीतून वजाबाकी करावी लागते. कर्नेलबाहेरचा ‘आयओस्टॅट’ हा प्रोग्रॅम हेच करतो. कल्पनेतले आकडे घेऊन पाहू. वाचनांची संख्या पहिल्या वेळी 1,20,400 आणि 10 सेकंदांनी 1,21,000 दिसली, तर मधल्या काळात 600 वाचने झाली, म्हणजे सेकंदाला 60. याच काळात वाचनांच्या एकूण वेळेत 3 सेकंदांची भर पडली असेल, तर एका वाचनाला सरासरी 5 मिलिसेकंद लागले. हे 60 आणि हे 5 कर्नेलमध्ये कुठेही लिहिलेले नसतात, ते बाहेर काढले जातात. डेव्हस्टॅटच्या लायब्ररीत ही आकडेमोड करणाऱ्या फंक्शनच्या नावातच ‘कॉम्प्युट स्टॅटिस्टिक्स’ हे शब्द आहेत. ही गोष्ट मराठीत नेमकी सांगायची तर कर्नेल मोजदाद ठेवते आणि प्रोग्रॅम तीवरून आकडेवारी काढतो. ‘ठेवणे’ आणि ‘काढणे’ ही दोन क्रियापदे आपल्याकडे आधीपासून आहेत, आणि या प्रकरणाचे मराठीकरण करताना ती काटेकोरपणे पाळली तर कोणते वाक्य कर्नेलच्या आतल्या भागाविषयी आहे आणि कोणते बाहेरच्या भागाविषयी आहे हे वाचकाला न सांगता कळेल.

आता ‘सांख्यिकी’कडे वळू. इंग्रजीत ज्ञानशाखेला आणि जमवलेल्या आकड्यांना ‘स्टॅटिस्टिक्स’ हे एकच रूप चालते. मराठीत मात्र ही दोन कामे दोन शब्दांनी वाटून घेतलेली आहेत: विद्यापीठांत शिकवले जाते ते संख्याशास्त्र किंवा सांख्यिकी, आणि पिकांची, पावसाची किंवा अपघातांची जाहीर होते ती आकडेवारी. महाराष्ट्र शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या नावात ‘सांख्यिकी’ शोभतो, कारण तेथे त्या शास्त्राच्या आधारे चालणाऱ्या कामाचा निर्देश आहे. पण ते संचालनालय जे प्रसिद्ध करते त्याला आपण आकडेवारीच म्हणतो. दोन अर्थांसाठी दोन चांगले शब्द हाताशी असताना ते एकात गुंडाळणे हे मराठीचे नुकसान आहे, असे मला मनापासून वाटते. शब्द वाक्यात घालून पाहिला तरी अडचण लक्षात येते. ‘यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सांख्यिकी शून्य होते’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला खटकेल. ‘यंत्र पुन्हा सुरू केल्यावर मोजदाद शून्यापासून सुरू होते’ हे खटकणार नाही.

‘मोजदाद’ सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. मराठीत आपण पैसे मोजतो आणि कापडही मोजतो. म्हणजे ‘मोजणे’ या क्रियापदात संख्या गणणे आणि माप घेणे हे दोन्ही सामावलेले आहे. कर्नेललाही दोन्ही करावे लागते: कामे किती झाली हे गणायचे असते आणि बाइट किती, वेळ किती हे मापायचे असते. ‘गणना’ शब्द घेतला तर त्यातून वेळ निसटतो, आणि ‘मोजमाप’ घेतला तर मापाची बाजू अधिक जड होते. ‘मोजदाद’ दोन्ही बाजू सारख्या पेलतो. शिवाय प्राण्यांची मोजदाद, मतांची मोजदाद असा तो वर्तमानपत्रांत नेहमी भेटतो, त्यामुळे वाचकाला तो नव्याने शिकवावा लागत नाही.

याच ठिकाणी षष्ठीच्या प्रत्ययाविषयी सावध राहावे लागते. ‘उपकरणांची मोजदाद’ किंवा ‘उपकरणांची आकडेवारी’ असे लिहिले तर यंत्राला किती उपकरणे जोडलेली आहेत याचा आकडा दिला आहे असा अर्थ निघतो, कारण मराठीत ज्याची मोजदाद त्यालाच ‘ची’ लागते. येथे मोजली जातात ती उपकरणांनी केलेली कामे, आणि तीही प्रत्येक उपकरणाच्या नावे वेगवेगळी. असा अर्थ सांगणारा ‘निहाय’ हा प्रत्यय आपल्या रोजच्या वापरात आहे: जिल्हानिहाय पाऊस, प्रभागनिहाय मतदान. तेव्हा ‘उपकरणनिहाय मोजदाद’. ‘उपकरण सांख्यिकी’ अशी दोन नामे नुसती शेजारी ठेवण्याची पद्धत इंग्रजीची आहे. मराठीत त्यांच्यामधला संबंध प्रत्ययाने किंवा समासाने दाखवावा लागतो, आणि तो दाखवला की अर्थही पक्का होतो.

‘मागोवा’ या शब्दाला माझी हरकत अधिक ठाम आहे. माग काढणे म्हणजे कोणी तरी पुढे निघून गेले आहे आणि आपण खुणांवरून त्याच्या पाठोपाठ जात आहोत. डेव्हस्टॅटमध्ये असा पाठलाग नाही. काम सुरू होताना आणि संपताना ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाजूनेच तसे कळवले जाते. कळवण्याचा नियमही कडक आहे: प्रत्येक कामासाठी सुरुवातीची एकच आणि शेवटची एकच हाक हवी. सुरू झालेल्या कामांतून संपलेली कामे वजा केली की प्रलंबित कामे मिळतात. ही वजाबाकी कधीही शून्याखाली जाता कामा नये आणि स्वस्थ बसलेल्या उपकरणावर ती शून्यच असली पाहिजे. तसे नसेल तर कुठे तरी हाक चुकली आहे असे समजावे. हे वर्णन मागोव्याचे नाही, पावत्या देण्या-घेण्याचे आहे. म्हणून ‘ट्रॅकिंग’साठी येथे ‘ठेवणे’ एवढे साधे क्रियापद पुरते. ‘मागोवा’ हा शब्द ट्रेसिंगसाठी राखून ठेवावा, कारण तेथे एकेका विनंतीचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला जातो. दोन्ही ठिकाणी तोच शब्द वापरला तर पुढच्या प्रकरणात अनुवादकाचीच अडचण होईल.

अशा वाढत जाणाऱ्या आकड्याला इंग्रजीत ‘काउंटर’ म्हणतात; त्याला मराठीत काय म्हणावे हा उपप्रश्न ओघाने येतोच. ‘गणक’ हा शब्द सुचवला जातो, पण ‘संगणक’ रुळल्यानंतर त्याच्याच शेजारी ‘गणक’ वाचताना डोळा अडखळतो. मी ‘चढता आकडा’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखात काउंटर हा शब्दही देईन. यात एक सोय आहे. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘प्रॉक’ या फोल्डरखालील ‘डिस्कस्टॅट्स’ या फाइलमध्ये प्रत्येक डिस्कच्या ओळीत नावानंतर पूर्वी 11 आकडे असत, कर्नेलच्या 4.18 या आवृत्तीपासून त्यांत 4 आणि 5.5 पासून आणखी 2 आकड्यांची भर पडली. या 17 आकड्यांपैकी नववा आकडा, म्हणजे या क्षणी हातात असलेल्या कामांची संख्या, तेवढाच वर जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. बाकीचे चढतच राहतात. नवव्याला ‘चालू आकडा’ आणि इतरांना ‘चढते आकडे’ म्हटले की फरक शब्दांतच उतरतो. फार दिवस चाललेल्या यंत्रावर चढता आकडाही आपल्या कमाल मर्यादेला पोहोचून पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतो; त्याला ‘घटणे’ म्हणू नये, ‘फेरा पूर्ण होणे’ म्हणावे.

शीर्षकात मी ‘कर्नेल’ लिहिले आहे, कारण ‘कर्नल’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लष्करी अधिकारी उभा राहतो. ‘गाभा’ हा शब्द सुंदर आहे, पण सामान्य अर्थानेही तो इतका वापरला जातो की तांत्रिक संज्ञा म्हणून त्याला सतत टेकू द्यावा लागेल. ‘डिव्हाइस’साठी ‘उपकरण’ ठेवायला हरकत नाही, जरी कर्नेलच्या दृष्टीने मेमरीत तयार केलेली आणि हाताला न लागणारी डिस्कसुद्धा उपकरणच असते.

या प्रकरणात पुढे एक शब्द येणारच आहे आणि तो प्रश्नकर्त्याने विचारलेला नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. आयओस्टॅट एक टक्केवारी दाखवते: पाहिलेल्या काळापैकी किती भाग उपकरणाकडे किमान एक तरी काम होते. इंग्रजीतील ‘बिझी’साठी येथे ‘व्यस्त’ लिहिण्याचा मोह होईल, कारण हिंदीच्या प्रभावाने तो सर्वत्र ऐकू येतो. मराठीत मात्र शाळेच्या गणितापासून ‘व्यस्त’ म्हणजे उलट, जसे समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण. जेथे सगळा मजकूर प्रमाणांचा आणि टक्क्यांचा आहे तेथे ‘व्यस्त टक्केवारी’ हा शब्दप्रयोग सरळसरळ चुकीच्या अर्थाकडे नेतो. ‘व्यग्र’ बरा आहे, पण त्याहून ‘कामात असण्याचा काळ’ हे अधिक अचूक आहे, कारण हा आकडा खरोखर काळाचाच आहे आणि क्षमतेचा नाही. एका वेळी अनेक विनंत्या हाताळणारी एसएसडी (चिपमध्ये मजकूर साठवणारी डिस्क) 100 टक्के काळ कामात असूनही आणखी बरेच काम घेऊ शकते. ‘वापर 100 टक्के’ असे भाषांतर केले तर वाचणारा प्रशासक डिस्क संपली असे समजून नवी मागवील. ‘कामात असण्याचा काळ 100 टक्के’ असे लिहिले तर तो प्रलंबित कामांचा आकडा आणि एका कामाला लागणारा सरासरी वेळ हे दोन स्तंभ आधी पाहील.